दोन कागदांचा बोल्ट

१

कागदोपत्री काहीच चोरीला गेलेलं नव्हतं, आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

पंच्याऐंशी सालचा दसरा नुकताच होऊन गेला होता. शुक्रवारी सकाळी घाटकोपरला, अंबादासच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात, उत्तरा परबने बाकावरच्या ॲक्शनचा बोल्ट पुढे ढकलला, मूठ खाली दाबली आणि म्हणाली, "दादा, हा माझा बोल्ट नाही."

"तुझाच गं. काल सकाळी मीच तपासून ठेवला."

"मग काल सकाळनंतर बदलला."

अंबादासने हातातली कानस खाली ठेवली, बोल्ट स्वतः मागेपुढे करून पाहिला आणि शेजारचं स्टूल ओढून त्यावर बसला. वीस वर्षांत तो दुकानात गिऱ्हाइकासमोर बसलेला कोणी पाहिला नव्हता.

ॲक्शन म्हणजे रायफलीचं काळीज. एक पोलादी घर, आणि त्यात सरकून गोळीमागे दार लावणारा बोल्ट. नळी आणि लाकडी दस्ता त्याच्याभोवती मागाहून बसवतात. नवी परदेशी रायफल मागवायची तर आधी अर्ज, मग शिफारस, मग वार्धक्य, असा क्रम होता. म्हणून टेलिफोन ऑपरेटर असलेल्या उत्तराने जुन्या ॲक्शनवर आपली रायफल बांधून घ्यायचं ठरवलं होतं. डिसेंबरात राज्य निवड चाचणी होती.

श्रावणातले चार रविवार तिने अंबादासच्या बाकावर तीन ॲक्शन्स चाळवण्यात घालवले होते. पहिली दणकट, पण बोल्ट गोदामाच्या शटरसारखा ओढावा लागे. दुसरी देखणी आणि गुळगुळीत, पण बंद करताना शेवटच्या क्षणी हलकासा हिसका देई आणि नेम हले. तिसरी दिसायला यथातथाच. पण तिची मूठ दोन बोटांनी दाबली की बोल्ट चांगल्या डब्याच्या झाकणासारखा आपल्या वजनाने खाली बसे आणि गप्प राही.

"सोयरीक बघतात तशी बघ," अंबादास म्हणाला होता. "रूप मागाहून. दार लावल्यावर घर आवाज करतं का, ते आधी बघ."

तिने तिसरी निवडली होती. आता तेच घर खडखडत होतं.

चौकीवर हवालदाराने रजिस्टर पाहिलं. नंबर असतो घरावर. तो जागच्या जागी होता. त्या बनावटीत बोल्टवर नंबर नसतोच.

"नंबर आहे ना बाई? मग रायफल आहे," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत बातमी पूर्व उपनगर नेमबाज मंडळात पोचली आणि सचिव जयवंत प्रभुदेसाई यांनी ठरावाचा मसुदाही केला: अंबादासने चांगला बोल्ट परस्पर विकून भंगारातला घातला, सबब मंडळाने त्याला काम देणं बंद करावं, आणि ठरावाची प्रत परवाना कार्यालयाकडे पाठवावी. बैठक रविवारी. परवाना गेला की दुकान गेलं. मग अंबादासच्या हातात वीस वर्षांचं कसब उरणार होतं, आणि ते वापरणं गुन्हा ठरणार होता.

हे सगळं आपल्या एका वाक्यामुळे झालं, या विचाराने उत्तराला जेवण गेलं नाही. ती उठली आणि आपल्याच इमारतीतल्या, तळमजल्यावरच्या तावडेकाकांची बेल तिने वाजवली.

२

दत्ताराम तावडे यांच्या मुलुंडच्या दारावर पाटी होती: 'द. शं. तावडे, इन्स्पेक्टर (निवृत्त)'. ते एका कारखान्यात टूलरूम इन्स्पेक्टर होते, पण 'टूलरूम' लिहायला पाटीवर जागा उरली नव्हती. त्यामुळे गेली चार वर्षं सोसायटीतल्या चपला, पाण्याचे मीटर आणि एकदा एक पळालेला जावई, हे सगळे तपास त्यांच्याकडे आले. जावई सापडला. चपला नाहीत.

"मी माणसं तपासत नाही गं," ते म्हणाले. "आयुष्यभर फटी तपासल्या. लोखंड खोटं बोलत नाही, एवढंच मला कळतं."

"मग फटच तपासा ना काका. माणूस वाचतो की नाही ते मी बघते."

सौ. सुगंधाबाईंनी आतून सांगितलं, "जा हो. घरात बसून माझ्या डब्यांच्या झाकणांना नावं ठेवता, त्यापेक्षा बरं."

शनिवारी सकाळी दत्ताराम दुकानात गेले. त्यांनी सिगरेटच्या पाकिटातल्या पातळ कागदाचे गोल तुकडे कापले, एक रिकामं काडतूस घेतलं आणि त्याच्या बुडाला एक कागद चिकटवला.

"मीही असंच बघतो," अंबादास म्हणाला आणि ॲक्शनला दोऱ्याने बांधलेली चिठ्ठी दाखवली: 'गुरुवार सकाळ. एक कागद, बंद होत नाही.' म्हणजे बोल्ट इतका घट्ट, की एक कागदसुद्धा जास्तीचा सोसत नाही.

दत्तारामांनी बोल्ट दाबला. एका कागदावर तो बंद झाला. दोन कागदांवर बंद झाला. तिसऱ्याला अडला.

"दोन कागदांची फट. घरात दोन माणसं जास्तीची राहतील एवढी जागा," ते म्हणाले. उत्तरा म्हणत होती ते खरं होतं.

त्यांनी बोल्ट बाहेर काढला. काडीला कापूस गुंडाळून बोल्टच्या बाजूच्या खाचेतून फिरवला. कापूस तेलाने काळा झाला, आणि टोकाला पिवळा. त्यांनी वास घेतला. हळद. दसरा होऊन गेलेला, बंदुकीचं दुकान, हळद असणारच. त्यांनी कापूस कागदात गुंडाळून खिशात टाकला आणि विसरले. उरलेला दिवसभर ते ही चूक खिशात घेऊन हिंडले.

"गुरुवारी इथे कोण कोण आलं?"

"मी दसऱ्याला नागपूरला होतो, घरच्यांबरोबर. चांगल्या बोल्टांचा डबा घरी कपाटात कुलपात. बुधवारी परतलो, गुरुवारी दुकान उघडलं. लवू मेस्त्री दिवसभर मागे दस्त्याचं काम करत होता. दुपारी वसुधाताई राणे आल्या, घोड्याचा स्क्रू बदलायला. तो घासायला मी पाच मिनिटं आत गेलो. संध्याकाळी जयवंतराव आले. ते म्हणाले, वाण्याकडे तुझा फोन आलाय. मी गेलो, वाणी गिऱ्हाइकांत होता. रिसीव्हर कानाला लावला तर काहीच आवाज नाही, कट झाला असेल म्हणून परतलो."

"या बनावटीच्या रायफली किती आहेत?"

"मंडळाने फार पूर्वी तीन आणल्या होत्या. एक जयवंतरावांकडे, एक वसुधाताईंकडे. तिसरी मोडीत निघाली, तिची ही ॲक्शन."

"म्हणजे हा झिजका बोल्ट त्या दोघांपैकी एकाचा."

अंबादास कसनुसं हसला. "नाहीतर माझ्या भंगाराच्या डब्यातला. सचिव तेच म्हणणार. डब्यात तसे चार पडलेत."

दत्तारामांनी डब्याकडे पाहिलं. चार गंजके बोल्ट त्यांच्याकडे बघत होते. अंबादास निर्दोष आहे असं सिद्ध करायला त्यांच्याकडे अंबादासच्या अक्षरातली एक चिठ्ठी सोडून काहीही नव्हतं.

३

लवू मेस्त्री मागच्या खोलीत अक्रोडाच्या फळीवर वाकला होता. चौकशी म्हटल्यावर त्याने रंधा थांबवला नाही.

"माका बोल्ट कित्याक व्हयो? खाऊक?"

"विकायला."

"विकूक आसता तर ह्यो अक्रोड विकलंय नसतंय? बोल्टापेक्षा म्हाग असा."

"दसऱ्याला काय केलंस?"

"घराकडे पटाशेंची पूजा केलंय. रंधो, करवत, सगळ्यांक फुलां. हयसर कुलूप होता." मग त्याने रंधा थांबवला. "तावडेनूं, अंबादासाचा दुकान बंद झाला तर माझ्या ह्या दस्त्याक बसूक घर खंय? ह्यां कोणी इचारीत नाय."

पवईला, तळ्याकाठच्या इन्स्टिट्यूटच्या क्वार्टर्समध्ये, वसुधा राणेने दार उघडलं. ती तिथे प्रयोगशाळेत कामाला होती, आणि निवड चाचणीत उत्तराची सगळ्यात कडवी प्रतिस्पर्धी. तिने कोरा चहा पुढे ठेवला.

"गोड काही देता येत नाही, काका. वडील श्रावणात गेले. यंदा आमच्याकडे सण नाही. दाराला तोरणसुद्धा लावलं नाही."

"तुमचा बोल्ट झिजलाय म्हणतात."

"झिजलाय ना. लोक खोटं कशाला बोलतील?" तिने सरळ त्यांच्याकडे पाहिलं. "पण मला उत्तराचं काही चोरायचंच असतं ना, तर मी तिचा डोळा चोरला असता. बोल्ट घेऊन काय करू?"

"रायफल बघू देता?"

"आत्ता आणू?"

ती उठलीसुद्धा. दत्तारामांनी हात केला. "नको. उद्या बैठकीला आणा. चारचौघांत बघू."

जयवंत प्रभुदेसाईंच्या मुलुंडच्या फ्लॅटमध्ये मात्र गोडाला तोटा नव्हता. दाराला झेंडूचं तोरण अजून लटकत होतं, ताटलीत उरलेली आपट्याची पानं होती, आणि सौ. नलिनीबाईंनी श्रीखंडाची वाटी न विचारता पुढे केली.

"मला वाईट वाटतं हो," जयवंतराव म्हणाले. "पंधरा वर्षं मी अंबादासकडे जातोय. माणूस बरा. पण हात साफ नसेल तर काय करणार? संस्था आहे."

"तुमची रायफल जरा पाहिली असती."

"नियमाप्रमाणे सभासदाची रायफल तपासायची तर समितीचा ठराव लागतो. ठराव सचिव मांडतो." त्यांनी ताटलीतली आपट्याची पानं सारखी केली. "सचिव मीच."

"मग मांडाल?"

"कारण असेल तर. आहे?"

कारण नव्हतं. नलिनीबाईंनी विषय हलका केला.

"रायफलीचं फार कौतुक ह्यांना. खंडेनवमीला मला बजावून सांगतात, नीट मांड हं. मी बोल्ट काढून वेगळा, रायफल वेगळी अशी पाटावर मांडते. दोघांना हळदीचं बोट. एकाला लावलं नि दुसऱ्याला नाही, असं देवाच्या कामात चालत नाही ना!"

"रास्त आहे," दत्ताराम म्हणाले आणि श्रीखंड संपवलं. उत्तम होतं. तिघांना भेटून त्यांना मिळालेली ती एकमेव भक्कम गोष्ट होती.

४

संध्याकाळी ते हात हलवत अंबादासच्या घाटकोपरच्या घरी गेले. अंबादास दुकानातच होता. त्याची बायको शकु फरशीवर बसून जुने परवाने, नूतनीकरणाचे कागद वर्षवार लावत होती.

"काही लागलं का हाती?" तिने विचारलं.

"नाही वहिनी. उद्या मी तुमच्या बाजूने बोलेन, पण बोलायला काही नाही."

शकुने कागद बाजूला केले आणि नागपूरहून आणलेल्या संत्र्यांतलं एक सोलून त्यांच्यासमोर ठेवलं. "हे अठराव्या वर्षी कानस हातात घेतलेले. दुसरं काही येत नाही त्यांना. माझ्या भावाने सांगितलंय, वॉचमनची नोकरी बघतो. बंदुका नीट करणाऱ्या माणसाने दुसऱ्याची बंदूक खांद्याला लावून दारात उभं राहायचं. रात्रभर झोपले नाहीत."

दत्तारामांनी संत्र्याची फोड उचलली. अशा वेळी माणूस उपदेश करतो, तसा त्यांनीही केला.

"एक सांगू? पुढच्या दसऱ्याला पूजा जरा जपून करा. हळद खाचेत राहिली की ओल धरते. लोखंड खाते."

"कसली पूजा?"

"शस्त्रांची. बोल्टला हळद लावली होती ना तुम्ही?"

शकु त्यांच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तावडेकाका, आम्ही दसऱ्याला नागपूरला कशाला गेलो होतो, असं वाटलं तुम्हाला? संत्री आणायला?"

दत्तारामांनी वर पाहिलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांची. दोन्हींना पांढऱ्या फुलांचा हार होता. अशाच दोन तसबिरी त्यांनी सकाळी दुकानात, बाकाच्या मागच्या भिंतीवर पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या म्हणजे, डोळे तिकडे होते.

"छप्पन सालापासून या घरात कुठल्या देवाला की हत्याराला हळद लागलेली नाही," शकु म्हणाली. "सासऱ्यांनी तेव्हाच सोडलं सगळं. मी आले तीही तशाच घरातून."

दत्ताराम ताडकन उठले. खिशातली पुडी काढून उघडली. कापसाचं टोक अजून पिवळं होतं.

"वहिनी," ते म्हणाले, "भावाला सांगा, नोकरी बघू नकोस."

५

रविवारी सकाळी डोंगराखालच्या रेंजवरच्या शेडमध्ये समिती जमली. अध्यक्ष, पाच सभासद, उत्तरा, आपली रायफल घेऊन वसुधा. जयवंतरावांची रायफलही होती, कारण बैठकीनंतर सराव असे. अंबादास उत्तराची ॲक्शन मांडीवर घेऊन शेवटच्या खुर्चीत बसला होता. सचिवांनी ठराव वाचला. मग दत्तारामांना, 'सभासद नसूनही', दोन मिनिटं देण्यात आली.

त्यांनी पुडी टेबलावर उघडली. "हा कापूस मी शनिवारी त्या बोल्टच्या खाचेतून फिरवला. हे पिवळं काय आहे, सचिव?"

जयवंतरावांनी वाकून वास घेतला. "हळद."

"कुठून आली असेल?"

"कुठून म्हणजे? दसरा झाला." जयवंतरावांचा चेहरा उजळला. "बंदुकीचं दुकान आहे, केली असेल ना पूजा! अध्यक्षसाहेब, लिहून घ्या. बोल्ट अंबादासच्याच दुकानातला, हे यांनीच सिद्ध केलं!"

वसुधा आधी हसली, मग तिने तोंडावर हात धरला.

"साहेब," अंबादास शांतपणे म्हणाला, "माझ्या बाकाच्या मागे बुद्धाची तसबीर आहे. पंधरा वर्षं तुम्ही तिच्याकडे तोंड करून चहा पिताय."



"तेव्हा दुकानातून हळद वजा," दत्ताराम म्हणाले. "भंगाराचा डबाही वजा. या बनावटीच्या आणखी दोनच रायफली. वसुधाताईंच्या घरी श्रावणात मृत्यू झाला, यंदा सण नाही, पूजा नाही. लवू मेस्त्रीने पूजा केली, पण पटाशांची. त्याच्याकडे रायफल नाही. उरलं एक घर. तिथे पूजा होते, आणि फार व्यवस्थित होते. बोल्ट वेगळा, रायफल वेगळी, दोघांना हळद. हे मला त्या घरच्या माउलीने श्रीखंड वाढता वाढता सांगितलं. अध्यक्षसाहेब, दोन्ही रायफली तपासायला एवढं कारण पुरे ना?"

"ठराव लागतो," जयवंतराव म्हणाले.

"मी मांडतो," अध्यक्ष म्हणाले. "झाला."

आधी वसुधाची रायफल. कापूस घरातून फिरवला: काळा. बोल्टवरून फिरवला: काळा. उत्तराच्या ॲक्शनचं घर पुसलं: तोही काळा. मग जयवंतरावांची. घराच्या खाचेतून कापूस बाहेर आला, तो पिवळा. बोल्टवरून फिरवला, तो स्वच्छ.

"इथे घराला हळद आहे आणि बोल्ट कोरा," दत्ताराम म्हणाले. "तिकडे बोल्टला हळद आणि घर कोरं. लग्नाच्या मांडवात नवरे बदलले की असं होतं. अंबादास, हा कोरा नवरा तुमच्या घरात बसतो का बघा."

अंबादासने जयवंतरावांच्या रायफलीतला बोल्ट आपल्या ॲक्शनमध्ये घातला. रिकाम्या काडतुसाच्या बुडाला एक कागद लावला. मूठ दाबली. बोल्ट अडला. कागद काढला, पुन्हा दाबली. बोल्ट आपल्या वजनाने खाली बसला आणि गप्प राहिला.

उत्तराने श्वास सोडला. "हा माझा."

"एकाच लॉटचे बोल्ट," जयवंतराव पुटपुटले. "गडबडीत अदलाबदल झाली असेल."

"वाण्याला विचारलं मी," दत्ताराम म्हणाले. "गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन बंद होता. आला कसा आणि कट झाला कसा?"

यावर जयवंतराव खाली बसले. "वीस वर्षं त्या बोल्टने नेम धरला," ते म्हणाले. "झिजला तो. नवा कुठे मिळतो? डिसेंबरची चाचणी माझी शेवटची होती."

ते खरं होतं, आणि त्यामुळे शेडमधल्या सगळ्यांना अवघड झालं. अध्यक्ष खाकरले. "हे बघा, झालं ते झालं. बोल्ट मिळाला. ठराव मागे घेऊ, आपसात मिटवू. बाहेर कशाला जायला हवं? काय अंबादास?"

समितीने मान डोलावली. मिटवण्यात मंडळाचा हातखंडा होता.

"नाही," अंबादास म्हणाला.

तो उभा राहिला. "ठराव मागे घेतलात, तर उद्या कोणी म्हणेल, अंबादासवर काहीतरी आलं होतं, मिटवलं. मला मिटवलेलं नको. मला लिहिलेलं हवं. आरोप काय होता, कोणी केला, तपासात काय निघालं, बोल्ट कोणाच्या रायफलीत सापडला. इतिवृत्तात. आणि त्याची प्रत परवाना कार्यालयाकडे जाऊ दे, ठरवल्याप्रमाणे."

"अरे, पण इतिवृत्त तर..." अध्यक्ष थांबले. इतिवृत्त सचिव लिहितात.

"तेच लिहितील," उत्तरा म्हणाली. "आम्ही थांबतो."

सराव झाला नाही. उन्हं डोंगरावरून खाली उतरेपर्यंत सगळे बसून राहिले. जयवंतरावांनी दोनदा खाडाखोड केली, एकदा 'अनवधानाने' असा शब्द घातला, तो वसुधाने वाचून काढायला लावला. शेवटी त्यांनी वही अंबादासपुढे सरकवली. अंबादासने बोटाने ओळ धरून, घाई न करता, अख्खं पान वाचलं. मग एका जागी बोट थांबवलं.

"इथे नुसतं अंबादास लिहिलंय."

जयवंतरावांनी पेन उघडलं. टोक कागदावर टेकवून ते थांबले. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी सभासदांकडे. पंधरा वर्षांत कोणालाच ते कधी लागलं नव्हतं.

"आडनाव काय," जयवंतरावांनी विचारलं, आणि मग जरा वेळाने, "तुमचं?"

"खरात," तो म्हणाला. "आणि आधी श्री. घाला."